आठ हजार चारशे मीटरवरचा एबीजी

अंगठ्याच्या रेषेत, मनगटावर नाडी लागते. तिथे दोन बोटं ठेवायची, ठोका बोटाखाली पक्का धरायचा आणि बारीक सुई तिरकी आत घालायची. सुई बरोबर धमनीत गेली की सिरिंजचा दट्ट्या ओढावा लागत नाही. रक्त आपणहून, ठोक्याठोक्याने वर चढतं. मग बुडबुडा काढून टाकायचा, टोपण लावायचं, मनगट पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचं आणि सिरिंज मशीनकडे पळवायची. धमनीतल्या रक्तातले वायू मोजणाऱ्या या तपासणीला अतिदक्षता विभागात सगळे एबीजी (आर्टेरियल ब्लड गॅस) म्हणतात. मी भूलतज्ज्ञ आहे. असे एबीजी मी किती काढले, याची मोजदाद नाही.

पण जे चार एबीजी मी सगळ्यात जास्त वेळा वाचले आहेत, ते माझ्या रुग्णांचे नाहीत. मे २००७ मध्ये ते एव्हरेस्टवर, ८,४०० मीटर उंचीवर काढले गेले. श्वास घेताना आणि सोडताना प्राणवायूचं नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण मला अजून सापडलेलं नाही. म्हणून ते इथे सविस्तर मांडते आहे.

काय घडलं

मोहिमेचं नाव कॉडवेल एक्स्ट्रीम एव्हरेस्ट. त्यात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजशी जोडलेले डॉक्टर होते आणि माइक ग्रोकॉट त्यांचं नेतृत्व करत होते. यातले बरेच जण अतिदक्षता विभागात काम करणारे. त्यांना पडलेला प्रश्न आम्हाला रोज पडतो: दोन रुग्णांच्या रक्तातला प्राणवायू सारखाच कमी असतो, तरी एक तरतो आणि दुसरा जातो. असं का? आजारी माणसात याचं उत्तर शोधणं अवघड, कारण त्याचं हृदय, मूत्रपिंड, जंतुसंसर्ग, औषधं असं सगळंच एकमेकांत गुंतलेलं असतं. म्हणून त्यांनी धडधाकट माणसं घेतली आणि त्यांना प्राणवायूच्या टंचाईत नेलं. ही माणसं म्हणजे ते स्वतःच.

गिर्यारोहक दहा होते. त्यांचं धमनीतलं रक्त आधी लंडनमध्ये तपासलं, मग ५,३०० मीटरवरच्या बेस कॅम्पला, पुढे ६,४०० आणि ७,१०० मीटरवर. शेवटचा नमुना थेट शिखरावर घ्यायचा बेत होता. शिखर गाठलंही, पण तिथे तापमान उणे २५ अंशांच्या आसपास आणि वारा जोराचा. त्या वाऱ्यात कपडे उघडून सुई टोचणं धोक्याचं होतं. म्हणून ते खाली उतरले आणि ‘बाल्कनी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागेच्या थोडं खाली, ८,४०० मीटरवर थांबले.

चढताना त्यांनी सिलिंडरचा प्राणवायू वापरला होता. तो बंद केला. मास्क काढून वीस मिनिटं ते तिथलीच हवा घेत बसून राहिले, म्हणजे फुप्फुसात उरलेला सिलिंडरचा प्राणवायू पूर्ण निघून जावा. मग पिसांच्या जाड सूटची चेन उघडून जांघेतल्या धमनीतून रक्त घेतलं. थंडीत मनगटाच्या धमन्या आकसतात, जांघेतली धमनी त्या मानाने ठसठशीत लागते. वॉर्डात पडदा ओढून, उजेडात, दोन सिस्टर मदतीला असतानाही जांघेतून नमुना घेताना माझी एखादी सुई चुकते. त्यामुळे हे वाक्य मी दर वेळी थांबून वाचते.

सिरिंज बर्फाच्या पाण्यात बुडवून थर्मासमध्ये ठेवल्या. आम्हीही एबीजी बर्फात ठेवतो, कारण शरीराबाहेर आल्यावरही रक्तातल्या पेशी प्राणवायू वापरतच राहतात आणि आकडा खोटा होतो. तिथे त्या बर्फाच्या पाण्याचा आणखी एक उपयोग होता: शून्याच्या कितीतरी खाली असलेल्या हवेत त्यानेच रक्त गोठू दिलं नाही. थर्मास घेऊन एक शेर्पा ६,४०० मीटरवरच्या कॅम्पपर्यंत उतरला. तपासणीचं मशीन तिथे होतं. रक्त काढल्यापासून दोन तासांच्या आत चारही नमुने तपासून झाले. दहापैकी चौघांचेच नमुने मिळाले, पण त्या उंचीवर माणसाच्या धमनीतलं रक्त प्रत्यक्ष तपासलं गेलं ते पहिल्यांदाच. हे आकडे २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आले.

आकडे

धमनीतल्या प्राणवायूचा दाब मिलिमीटर पाऱ्यात मोजतात. समुद्रसपाटीला निरोगी माणसात तो ७५ ते १०० असतो. ६० च्या खाली गेला की आम्ही धावपळ सुरू करतो. या चौघांचे आकडे होते २९.५, १९.१, २१.० आणि २८.७. सरासरी २४.६.

हा आकडा किती कमी आहे हे असं लक्षात येईल. तुमच्या-माझ्या शरीरात प्राणवायू देऊन परत निघालेल्या, ‘वापरलेल्या’ रक्तातही सुमारे ४० मिलिमीटर दाब शिल्लक असतो. म्हणजे या गिर्यारोहकांचं ताजं रक्त आपल्या वापरलेल्या रक्ताहून गरीब होतं. हिमोग्लोबिनची संपृक्तता, म्हणजे बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर आपण जो टक्का बघतो तो, अनुक्रमे ६८, ३४, ४४ आणि ७०. असा कागद हातात आला असता तर मी व्हेंटिलेटरची तयारी करायला सांगितलं असतं. ही माणसं मात्र शुद्धीवर होती आणि तिथून आपल्या पायांनी उतरून आली.

बाहेर जाणारा श्वास

विरळ हवेबद्दल एक गैरसमज इतका रुळलेला आहे की शिकलेली माणसंही तो बोलून दाखवतात: वर हवेत ऑक्सिजन कमी असतो. त्याचं प्रमाण कमी नसतं. मुंबईत २१ टक्के, कळसूबाईवर २१ टक्के, एव्हरेस्टच्या माथ्यावरही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा एकूण दाब, आणि त्यामुळे त्यातल्या प्राणवायूचा दाब.

हा दाब महत्त्वाचा का, तर फुप्फुसात प्राणवायू ओढून घेणारा कुठलाही पंप नाही. छातीचा भाता हवा आत-बाहेर करतो, तेवढंच त्याचं काम. पुढे वायुकोशातून, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशवीतून, रक्तात प्राणवायू जातो तो उतारावरून पाणी जावं तसा: जास्त दाबाकडून कमी दाबाकडे. वायुकोश ३० ते ५० कोटी, प्रत्येकाभोवती केशवाहिन्यांचं जाळं, आणि मधला पडदा एका मायक्रोमीटरहून पातळ. कार्बन डायऑक्साइड त्याच पडद्यातून उलट्या दिशेने, आपल्या उतारावरून बाहेर पडतो. उतार संपला की देवाणघेवाण थांबली.

आता कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करू. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६०. श्वासमार्गात शिरताच हवा ओली होते आणि शरीराच्या उष्णतेला पाण्याची वाफ ४७ मिलिमीटर जागा अडवते. ही वाफ उंचीला मान देत नाही, ती कुठेही ४७ च. उरले ७१३. त्याचे २१ टक्के म्हणजे १५०. श्वासनळीत प्राणवायूचा एवढा दाब असतो. पण वायुकोश कधीच पूर्ण रिकामा होत नाही. तिथे रक्तातून आलेला कार्बन डायऑक्साइड आधीच बसलेला असतो, ४० मिलिमीटर. शरीर जेवढा प्राणवायू घेतं त्याच्या सुमारे आठ दशांश कार्बन डायऑक्साइड परत देतं, म्हणून ४० ला ०.८ ने भागायचं: ५०. १५० मधून ५० गेले, वायुकोशात उरला १००. रक्ताला मिळतो तो यातूनच.

हाच हिशेब बाल्कनीखाली मांडू. तिथे हवेचा दाब होता २७२. वाफेचे ४७ गेले, राहिले २२५. त्याचे २१ टक्के ४७. आता नेहमीसारखा कार्बन डायऑक्साइड ४० धरला, तर वजा करायचे ५०. सत्तेचाळीसातून पन्नास!

म्हणजे मुंबईत आपण ज्या संथ लयीत श्वास घेतो त्या लयीत ८,४०० मीटरवर माणूस जगूच शकत नाही. वायुकोशात प्राणवायूला जागाच उरत नाही. जागा करायचा एकच मार्ग: कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकायचा. या चौघांच्या रक्तात तो सरासरी १३.३ होता, आपल्या एक तृतीयांश. त्याला ०.८ ने भागलं तर साधारण १७ येतात. सत्तेचाळीसातून सतरा गेले, तीस उरले. त्या तिसावर ते जिवंत होते. तो तीस त्यांना मिळाला तो छाती फुटेस्तोवर चाललेल्या श्वासातून, विशेषतः त्याच्या बाहेर जाणाऱ्या अर्ध्यातून.

या प्रकरणातून मला सांगायचं आहे ते हे. श्वास म्हटलं की आपलं लक्ष आत येणाऱ्या हवेकडे जातं. पण वायुकोशात प्राणवायू किती मावेल, हे तुम्ही बाहेर किती टाकता यावर ठरतं.

चौघांचे आकडे शेजारी ठेवले की हे आणखी ठळक दिसतं. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड १५.७ आणि १५.० उरला होता, त्यांचा प्राणवायू १९.१ आणि २१.०. ज्यांनी तो १२.३ आणि १०.३ पर्यंत खाली आणला, त्यांचा २९.५ आणि २८.७. चार नमुन्यांवरून नियम काढता येत नाही, हे मान्य. शिवाय हिशेब केला तर हा सगळा फरक एकट्या श्वासाने भरूनही निघत नाही, काही वाटा दुसऱ्या कारणाचा आहे. त्याकडे पुढे येते. पण दिशा स्पष्ट आहे.

२००७ च्या आधी एकदा याची चाहूल लागली होती. २४ ऑक्टोबर १९८१ रोजी ख्रिस पिझो या डॉक्टरने एव्हरेस्टच्या माथ्यावर उभं राहून आपल्याच उच्छ्वासाच्या शेवटच्या हवेचे नमुने गोळा केले. जॉन वेस्ट यांच्या मोहिमेतला तो गिर्यारोहक. माथ्यावरचा दाब २५३ मिलिमीटर भरला आणि पिझोच्या वायुकोशातला कार्बन डायऑक्साइड अवघा साडेसात. तीन वर्षांपूर्वी, ८ मे १९७८ ला, राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर सिलिंडरशिवाय वर जाऊन आले होते. ते शरीराला कसं जमलं, याचं उत्तर त्या साडेसातात होतं. फक्त तेव्हा रक्तातला प्राणवायू गणिताने काढावा लागला. २००७ मध्ये तो सिरिंजमध्ये आला.

हिमोग्लोबिन आणि आम्लता

दोन टोकांचे आकडे पुन्हा बघा. पहिल्याचा दाब २९.५ आणि संपृक्तता ६८ टक्के. चौथ्याचा दाब थोडा कमी, २८.७, पण संपृक्तता ७० टक्के. कमी दाबावर जास्त प्राणवायू कसा काय धरला?

उत्तर त्याच कागदावर, पीएचच्या ओळीत आहे. पहिल्याचा पीएच ७.५५, चौथ्याचा ७.६०. (आपला ७.४० च्या आसपास असतो. आकडा जितका मोठा, तितकं रक्त अल्कधर्मी.) चौथ्याने कार्बन डायऑक्साइड सगळ्यांत जास्त बाहेर टाकला होता, त्यामुळे त्याचं रक्त सगळ्यांत जास्त अल्कधर्मी झालं होतं, आणि अल्कधर्मी रक्तात हिमोग्लोबिन प्राणवायूला अधिक घट्ट धरतं. म्हणजे बाहेर टाकलेल्या श्वासाचा दुहेरी फायदा: वायुकोशात जागा झाली, आणि रक्ताची पकडही वाढली. एवढ्या बारीक फरकात शरीराचा हा नियम इतका स्वच्छ दिसावा, याचं मला अजूनही नवल वाटतं.

हिमोग्लोबिनही वाढलं होतं, डेसिलिटरमागे सरासरी १९.३ ग्रॅम. काही आठवडे उंचीवर राहिल्याचा तो परिणाम. त्यामुळे ७,१०० मीटरपर्यंत एक लिटर रक्तात १९७ मिलिलिटर प्राणवायू होता, जवळजवळ समुद्रसपाटीइतकाच. टक्का घसरला, पण प्राणवायू वाहून नेणारे हात वाढले आणि हिशेब जुळला. ८,४०० ला मात्र तो जुळला नाही. तिथे लिटरमागे १४६ मिलिलिटर उरले.

गळती

आता ते दुसरं कारण. वायुकोशात तीस आणि धमनीत २४.६. मधले सुमारे साडेपाच कुठे गेले?

आपल्या शरीरात रक्ताची एक तांबडी पेशी वायुकोशाशेजारच्या केशवाहिनीतून साधारण पाऊण सेकंदात पार होते. दाबाचा उतार मोठा असल्याने ती पाव सेकंदातच भरून निघते, उरलेला अर्धा सेकंद राखीव. उंचीवर उतार इतका मंद होतो की पाऊण सेकंदही अपुरा पडतो आणि पेशी अर्धवट भरून पुढे जाते. त्यात पडद्यात थोडं पाणी साचलं असेल, बाहेरून लक्षण न दिसण्याइतकं, तर वाट आणखी लांबते. संशोधकांनी या दोन्ही शक्यता मांडल्या. पूर्वी दाबकक्षात, खोट्या उंचीवर झालेल्या अभ्यासात ही तफावत याहून बरीच कमी निघाली होती. माझं मत पाण्याकडे झुकतं, कारण दोन दिवस उघड्या डोंगरावर राबून आलेली छाती आणि कक्षात बसलेली छाती सारखी नसते. पण ते माझं मत झालं.

तीच उंची, वेगळा शेवट

१५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून झेनिथ नावाचा बलून उडाला. टोपलीत तिघं: गास्ताँ तिसांदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल. काही तासांतच ते ८,००० मीटरच्या वर गेले. प्राणवायूच्या पिशव्या हाताशी टांगलेल्या होत्या. ती नळी तोंडाशी धरावी असं तिसांदिएला वाटलं, पण हात उचलेना. त्याची शुद्ध हरपली. जाग आली तेव्हा दोघे सोबती मेलेले होते.

उंची जवळपास तीच. फरक होता दिवसांचा. वर जाताच कुणाचाही श्वास वाढतो, पण कार्बन डायऑक्साइड घटल्याने रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदूतलं श्वसनकेंद्र ‘पुरे आता’ म्हणून लगाम खेचतं. मूत्रपिंडं बायकार्बोनेट हा अल्कधर्मी क्षार लघवीतून बाहेर टाकून ही अल्कता हळूहळू सोडवतात, तसा लगाम सैल होतो आणि श्वास आणखी खोल होऊ शकतो. याला दिवस लागतात, आठवडे लागतात. बाल्कनीखाली बसलेल्या चौघांनी हे आठवडे काढले होते. झेनिथमधल्या तिघांना ते मिळाले नाहीत.

आमच्या विभागात

एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट. बोटाच्या ऑक्सिमीटरचा आकडा महाराष्ट्रात घरोघर पाठ झाला होता. कॉरिडॉरमधून नातेवाईक विचारायचे, “मॅडम, बाबांचं सॅच्युरेशन किती?” आणि आम्ही टक्का सांगायचो. एका पहाटे साठीच्या एक काकू आल्या. बोटाला ७१ टक्के. मिनिटाला बत्तीस श्वास, आणि शांतपणे मला विचारत होत्या, “डॉक्टर, चहा मिळेल का?” एबीजीत प्राणवायू ४१, कार्बन डायऑक्साइड २६. त्या का घाबऱ्या झाल्या नव्हत्या, ते त्या २६ मध्ये होतं. गुदमरल्याची भावना मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठला की होते, आणि तो तर त्या भराभर बाहेर टाकत होत्या. एव्हरेस्टवरची युक्ती त्यांचं शरीर सपाटीवर करत होतं. पण गिर्यारोहकांकडे आठवड्यांची तयारी आणि निरोगी फुप्फुसं होती, काकूंकडे दोन्ही नव्हतं. त्यामुळे ‘एव्हरेस्टवर माणसं ३४ टक्क्यांवर चालतात’ हे उदाहरण घरी बसून धीर धरायला कुणी वापरू नये.

उलटही खरं. निरोगी माणसाने मुंबईत बसून जोरजोरात श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड ४० चा २० केला तर त्याच हिशेबाने वायुकोशातला प्राणवायू १०० चा १२५ होईल, पण हिमोग्लोबिन आधीच ९८ टक्के भरलेलं असतं. त्यात भर पडायची ती एखाद्या टक्क्याची. चक्कर मात्र येईल.

काकूंना मास्क लावला, पालथं झोपवलं. टक्का ९४ वर आला. तिसऱ्या रात्री मॉनिटरवर ९५ दिसत होता आणि रेसिडेंट म्हणाला, “मॅडम, सॅच्युरेशन मस्त आहे.” मी तरी एबीजी काढायला सांगितला. कार्बन डायऑक्साइड २६ चा ४८ झाला होता. छातीचे स्नायू थकले होते. साध्या हवेवर असत्या तर टक्का कधीच कोसळला असता. मास्कमधून साठ टक्के प्राणवायू जात असल्याने ७१३ चे ६० टक्के म्हणजे ४२८, त्यातून ६० गेले काय आणि ३२ गेले काय, ऑक्सिमीटरला पत्ता लागत नाही. त्याच रात्री त्यांना व्हेंटिलेटरवर घेतलं. अकराव्या दिवशी नळी निघाली.

एबीजीची चिठ्ठी मशीनमधून गुंडाळत बाहेर येते. रेसिडेंट वरून वाचायला लागतात: पीएच, मग पुढचं. मी त्यांना कार्बन डायऑक्साइडच्या ओळीवर बोट ठेवायला लावते आणि विचारते, हा रुग्ण बाहेर किती टाकतोय?